राक्षसांचे हात

जुन्या राक्षसपटांची वेडी माणसं एकत्र आली की गप्पा हमखास चेहऱ्यांवर येतात. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाचं सपाट डोकं, ड्रॅक्युलाची रोखलेली नजर, ऑपेराच्या तळघरातल्या फँटमची कवटीसारखी मुद्रा. साहजिकच आहे. पोस्टरवर चेहरेच छापलेले असतात आणि मेकअपच्या सुरस कथाही चेहऱ्यांच्याच असतात. मला मात्र हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघायला लावतात ते हात. एकदा हातांकडे बघायची सवय लागली की हे सिनेमे वेगळेच दिसू लागतात.

कारण तसं उघड आहे. ज्या नटाच्या चेहऱ्यावर तासन् तास खपून कापसाचे आणि रंगाचे थर चढवलेत, त्याच्या भुवया हलत नाहीत, गाल हलत नाहीत, ओठ जेमतेम हलतात. वर संवाद नाहीत. असलेच तर गुरगुरणं. अशा वेळी सगळा अभिनय मनगटाच्या खाली उतरतो. बरं, प्रेक्षक चेहऱ्याला घाबरण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे हात काय करताहेत याकडे तो जाणूनबुजून बघत नाही. ते थेट आत जाऊन पोचतात.

१९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन'मध्ये राक्षस जिवंत झाल्याचं आपल्याला कळतं तेच मुळी हातावरून. विजांच्या कडकडाटात टेबल वर छतापर्यंत जातं, पुन्हा खाली येतं, आणि त्यावरून लोंबणाऱ्या हाताची बोटं किंचित हलतात. राक्षसाचा निर्माता फ्रँकेनस्टाइन झालेल्या कॉलिन क्लाइव्हची 'इट्स अलाइव्ह!' ही जगप्रसिद्ध आरोळी त्या बोटांना उद्देशून आहे. चेहरा अजून झाकलेलाच आहे. तो बघायला आपल्याला आणखी बराच वेळ थांबावं लागतं, आणि तो दाखवतानाही दिग्दर्शक जेम्स व्हेल आधी राक्षसाची पाठ दाखवतो.

त्यानंतरचा प्रसंग मी किती वेळा थांबवून, मागे नेऊन पाहिला असेल याची गणती नाही. राक्षस खुर्चीत बसलाय. फ्रँकेनस्टाइन छतातली झडप उघडतो आणि वरून उजेड खाली येतो. या जीवाने उजेड कधी पाहिलेला नाही. तो मान वर करतो, हळूहळू उठून उभा राहतो, आणि त्याचे दोन्ही हात वर जातात, उजेड धरायला. धरायला म्हणजे अगदी शब्दशः. कारण उजेड हातात येत नाही हे त्याला ठाऊक नाही. मग झडप बंद होते. उजेड जातो, पण हात लगेच खाली येत नाहीत. ते निर्मात्याकडे वळतात, तळवे उघडे, बोटं अर्धवट वाकलेली. मागणारे हात आहेत ते. राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफला या प्रसंगात एक शब्द नाही. पापण्यांवर मेणाचा थर आहे, त्यामुळे डोळेही अर्धेच उघडतात. तरीही त्या जीवाला काय हवंय हे कुणालाही समजतं, आणि ते त्याच्या निर्मात्याला समजत नाही हेही समजतं.

मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत याची मुळं आहेत. निर्मितीच्या रात्री व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन जागा होतो तेव्हा त्याने घडवलेला जीव पलंगाचा पडदा सारून त्याच्याकडे बघत उभा असतो. एक हात त्याने पुढे केलेला असतो, जणू व्हिक्टरला थांबवायला. व्हिक्टर पळून जातो. पुढची सगळी हत्याकांडं त्या न धरलेल्या हातापासून सुरू होतात असं मला वाटतं. सिनेमाने कादंबरीतलं बरंच काही टाकून दिलं, बोलका, वाचन केलेला राक्षस मुका केला, पण तो पुढे केलेला हात बरोबर उचलला.

हे हात घडवण्यात जॅक पिअर्सचाही वाटा आहे. युनिव्हर्सल स्टुडिओच्या मेकअप विभागाचा हा प्रमुख. मेकअपला रोज चारेक तास लागायचे हे सगळे सांगतात. त्याने कोटाच्या बाह्या आखूड ठेवल्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. बाह्या आखूड म्हणजे मनगटं उघडी, म्हणजे हात आहेत त्याहून लांब दिसणार, आणि कपडे दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असं वाटणार. हातही दुसऱ्या कुणाचे तरी आहेतच! प्रेतांमधून जमवलेले. त्या हातांचा मालक त्यांच्याकडे परक्यासारखा बघत असतो, आणि कार्लॉफने ते बघणं इतकं बारकाईने केलंय की त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट होतं, तो चव्वेचाळिशीला आलेला आणि तोवर बिनमहत्त्वाच्या भूमिका करून थकलेला नट होता, हे सगळं विसरायला होतं. सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचं नाव नव्हतंच, नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

तळ्याकाठचा प्रसंग तर हातांचाच आहे. छोटी मारिया राक्षसाला बघून किंचाळत नाही. ती त्याचा हात धरून त्याला काठावर बसवते आणि त्याच्या हातात फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात आणि ती तरंगताना बघतात. त्याच्या तोंडावर हसू येतं. मग फुलं संपतात. तो आपल्या रिकाम्या हातांकडे बघतो. आणि फुलासारखीच ही मुलगीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलतो. ती वर येत नाही म्हटल्यावर त्या हातांची जी घालमेल होते ती बघवत नाही. त्यात कुठेही क्रौर्य नाही.

सेन्सॉरने नेमका हाच भाग कापला. तो तिच्याकडे हात नेतो तिथेच प्रसंग तोडला, आणि पुढे थेट बाप मुलीचं कलेवर उचलून गावातून चालताना दिसतो. प्रेक्षकांना त्रास होऊ नये म्हणून केलेल्या या कापाकापीने भलतंच झालं. त्या हातांनी मुलीचं काय केलं असेल याची नको ती कल्पना करायला लोक मोकळे झाले. एका निरागस जीवाला जवळपास पन्नास वर्षं त्या कात्रीने बदनाम केलं. कापलेला भाग १९८० च्या दशकात परत जोडला गेला. तो नसलेली प्रत कुणी पाहिली असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, पूर्ण प्रत बघा. तो सिनेमा वेगळा आहे.

चार वर्षांनी व्हेलने 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन' केला. तिथे आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत राक्षसाचा हात मारियानंतर पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून आपल्या हातात घेतं. म्हाताऱ्याला चेहरा दिसत नाही, त्यामुळे हातच त्याला ओळख करून देतो. तो देवाचे आभार मानत रडू लागतो तेव्हा राक्षस त्याच्या पाठीवर थोपटतो. हे थोपटणं त्याला कुणी शिकवलं? सिनेमा सांगत नाही, आणि मला ते सांगायला नकोच आहे. शेवटी एल्सा लँचेस्टरची वधू येते, पडद्यावर अवघी काही मिनिटं. तो तिचा हात हातात घेऊन कुरवाळतो, अगदी म्हाताऱ्याकडून शिकल्यासारखा. ती किंचाळते. त्यानंतर त्याच हाताने तो प्रयोगशाळा उडवणारा दांडा ओढतो. संपूर्ण सिनेमा एवढ्याशा हालचालींवर तोललेला आहे, आणि राक्षसपटांत याच्या वरचा सिनेमा माझ्या लेखी झालेला नाही.

हातांनी बोलण्याची ही परंपरा कार्लॉफच्या आधीची आहे, आणि तिचा मूळपुरुष लॉन चेनी. १८८३ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे जन्मलेल्या चेनीचे आई-वडील दोघंही कर्णबधिर होते. घरातलं बोलणं खुणांचं, बोटांचं. रुसवा, चेष्टा, दुखणं, सगळं हातांतून सांगायचं आणि हातांतूनच समजून घ्यायचं. मूकपटाला असा नट मिळावा हा योगच म्हणायचा. १९२५ च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा'तला मुखवटा उतरण्याचा क्षण सगळ्यांना पाठ असतो. त्याच्याआधी जरा बघा. ऑर्गनवर बसलेल्या फँटमच्या मागून गायिका क्रिस्टीनची बोटं मुखवट्याकडे जातात, बिचकून मागे येतात, पुन्हा जातात. भीती त्या ये-जा करणाऱ्या बोटांनी निर्माण केलीय. मुखवटा निघतो तेव्हा ती फक्त पुरी होते.

पण चेनीचा खरा हातांचा सिनेमा 'द अननोन', १९२७ चा, टॉड ब्राउनिंगचा. तो अजून पाहिला नसेल त्या माणसाचा मला हेवा वाटतो. सर्कशीतला अलोन्झो हात नसलेला म्हणून मिरवतो आणि पायांनी सुरे फेकतो. खरं तर त्याला दोन्ही हात आहेत. पोलिसांपासून लपायला तो ते कंबरपट्ट्याखाली आवळून बांधतो, कारण त्याच्या एका हाताला दोन अंगठे आहेत आणि त्यावरून तो ओळखला जाईल. त्याचं प्रेम बसलंय सर्कसमालकाच्या मुलीवर, ननॉनवर. ही भूमिका तरुण जोन क्रॉफर्डने केलीय. आणि ननॉनला पुरुषांच्या हातांची शिसारी आहे. कुणी हात लावलेला तिला चालत नाही. अलोन्झो एकटाच तिला सुरक्षित वाटतो, कारण त्याला हात नाहीत.

यातल्या एका प्रसंगाने मी अक्षरशः उठून बसले होते. खोलीत अलोन्झो आणि त्याचा ठेंगणा सोबती दोघंच आहेत, हात मोकळे सोडलेले आहेत. विचारांत गढलेला अलोन्झो पायाने सिगारेट उचलतो, पायानेच काडी ओढतो, पायानेच ती ओठांना लावतो. सोबती हसू लागतो: अरे, तुला हात आहेत हेच तू विसरलास! अलोन्झो थबकून स्वतःच्या हातांकडे बघतो आणि त्याच्या डोक्यात एक भयंकर कल्पना शिरते. तो शस्त्रक्रिया करवून दोन्ही हात खरोखर कापून घेतो. परत येतो तेव्हा ननॉनची भीती गेलेली असते. सर्कशीतल्या पहिलवानाच्या प्रेमात पडलेली ती त्याच पहिलवानाचे हात अभिमानाने अलोन्झोला दाखवते. आणि चेनी हसतो. त्याचं हसणं चढत जातं, चढता चढता फाटतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर हातांनी अभिनय केला तो इथे हातांशिवाय उभा असतो. पायांची काही कामं पॉल डेस्म्यूक या हात नसलेल्या कलावंताने केली होती. तो माणूसही लक्षात ठेवावा असा आहे.

चेनी ऑगस्ट १९३० मध्ये गेला. युनिव्हर्सलच्या 'ड्रॅक्युला'साठी त्याचं नाव घेतलं जात होतं, दिग्दर्शक ब्राउनिंगच होता. भूमिका गेली बेला लुगोसीकडे. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्याने ती केली होती, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी हालचाल त्याच्या अंगात मुरली होती. १९३१ च्या त्या सिनेमात ड्रॅक्युला शवपेटीतून येतो तो आधी बोटांनी. झाकण थोडं उचललं जातं आणि फटीतून बोटं कोळ्यासारखी बाहेर सरकतात. आणि ड्रॅक्युलाच्या मागावर असलेल्या व्हॅन हेल्सिंगबरोबरचा तो सामना आठवा. दोघांत तलवार नाही, झटापट नाही. लुगोसी नुसता हात पुढे करून बोटं वाकवतो आणि हुकूम सोडतो. समोरचा म्हातारा दोन पावलं ओढला जातो, थांबतो, मागे सरतो. सिनेमात पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, नामावलीवर 'स्वान लेक' वाजतं तेवढंच. त्या शांततेत ती वाकलेली बोटं सगळा भार पेलतात.

त्याच सेटवर रात्रीच्या पाळीत स्पॅनिश आवृत्तीही चित्रित झाली होती, जॉर्ज मेलफर्डच्या दिग्दर्शनाखाली. जाणकार म्हणतात ती सरस आहे, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत ते खरंच आहे. तिथला कॅमेरा मोकळेपणाने फिरतो, तर ब्राउनिंगचा बऱ्याचदा नाटकासमोर बसल्यासारखा वाटतो. तरी माझं मत लुगोसीलाच. तिथला ड्रॅक्युला कार्लोस व्हियारिआसकडे दात आहेत, डोळे आहेत. पण ते हात नाहीत. लुगोसीने ते पुढेही वापरले. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'त तो आपल्या गुलामांना हुकूम देतो तो दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून, आणि कॅमेरा त्या गुंफलेल्या मुठीवर जाऊन थांबतो. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये तो जत्रेत हात बघणारा भविष्यवेत्ता आहे. एका मुलीचा तळवा उघडतो, त्यात त्याला पंचकोनी तारा दिसतो, म्हणजे लांडग्याचा पुढचा बळी कोण ते. नंतर तोच तारा वुल्फ मॅन झालेल्या लॉन चेनी ज्युनियरला, म्हणजे चेनीच्या मुलाला, आपल्या आवडत्या मुलीच्या तळहातात दिसतो. ही ताऱ्याची कल्पना रचणारा लेखक कर्ट सिओडमॅक नाझी जर्मनीतून पळून आलेला ज्यू होता. ताऱ्याची खूण असलेली माणसं बळी ठरतात हे त्याला कल्पनेने सुचायची गरज नव्हती.

आता काही हात धावतं सांगते, नाहीतर संपायचं नाही. 'नोसफेराटू', १९२२: रक्तपिपासू काउंट ऑर्लोक स्वतः दिसत नाही, जिन्यावरून त्याच्या लांब बोटांची सावली चढते, आणि शेवटी सावलीतलाच हात एलनच्या छातीवर मिटतो तेव्हा ती कळवळते. 'ड्रॅक्युला' कादंबरीचा लेखक ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने खटला जिंकून या सिनेमाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला होता. काही वाचल्या म्हणून आपण ही सावली बघू शकतो. 'द ममी', १९३२: गुंडाळी वाचत बसलेल्या तरुणाच्या टेबलावर एक जीर्ण हात येतो, एवढंच. पट्ट्यांत गुंडाळलेला कार्लॉफ पूर्ण उभा, चालताना आपल्याला दिसतच नाही, आणि त्या अवताराला तयार व्हायला आठ तास लागले होते! 'किंग काँग', १९३३: पडद्यावरचा अजस्र काँग प्रत्यक्षात साधारण दीड फुटाचा पुतळा, सशाच्या कातडीचा. एका सेकंदाच्या हालचालीसाठी २४ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीआधी कुणीतरी त्याला हाताने किंचित हलवलेलं. ती बोटं केसांवर उमटायची, म्हणून काँगची लव सतत सळसळताना दिसते. विलिस ओब्रायन आणि त्याच्या सहकाऱ्यांचे ठसे आहेत ते, नव्वदहून अधिक वर्षं जपलेले.

१९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये जलतरण तलावाच्या भिंतीवर जी हिंस्र सावली फिरते, ती दिग्दर्शक जॅक टूर्नरने दिव्यासमोर स्वतःची मूठ धरून पाडली होती. आणि १९५४ च्या 'गोजिरा'ची, म्हणजे गॉडझिलाची, ती डरकाळी? संगीतकार अकिरा इफुकुबेने डबल बासच्या सैल तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढवून ती काढली. हिरोशिमा, नागासाकी, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीची राख अंगावर पडलेली लकी ड्रॅगन क्रमांक पाच ही मासेमारी नौका, हे सगळं ज्या सिनेमाच्या पोटात आहे, त्याचा आवाज अखेर एका हातमोज्यातून निघाला.

१९५४ चाच 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' तर हातानेच उघडतो. ॲमेझॉनकाठच्या दगडात एका पंजाचा जीवाश्म सापडतो, पाच नख्या, बोटांमध्ये पडदा. लगेच पाण्यातून तसाच एक जिवंत पंजा वर येतो आणि काठाच्या मातीत रुततो. बराच वेळ आपल्याला एवढंच मिळतं. मग ती सुप्रसिद्ध जलक्रीडा: वर पांढऱ्या पोशाखातली ज्युली ॲडम्स पोहतेय, खाली तोच प्राणी तिच्याशी लय साधत उलटा पोहतोय. फ्लोरिडातल्या वाकुला स्प्रिंग्जच्या नितळ पाण्यात रिको ब्राउनिंगने हे केलं, पाठीवर हवेची टाकी न घेता, श्वास रोखून. तो तिच्या पावलाकडे हात नेतो, बोट लागतं न लागतं तोच मागे घेतो, पुन्हा नेतो. तोवर भीती वाटत असते. त्या मागे घेतलेल्या हाताने भलताच गोंधळ होतो. त्याला तिला पकडायचं असतं तर एव्हाना पकडलं असतं. फुलं संपल्यावरचा कार्लॉफ आणि हा, एकाच घराण्यातले आहेत.

तो पंजा कुणी काढला? मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने. प्राण्याचं रूप तिचं. स्टुडिओने प्रसिद्धीसाठी तिला दौऱ्यावर पाठवलं, आधी जाहिरातीत तिला त्या प्राण्याची निर्माती म्हणायचं ठरलं होतं. मेकअप विभागाचा तेव्हाचा प्रमुख बड वेस्टमोर याला ते खपलं नाही. जाहिरातीतला मजकूर बदलला, श्रेय वेस्टमोरच्या नावावर राहिलं, आणि त्याने तिला पुन्हा काम दिलं नाही. अनेक दशकं चाहत्यांनाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. तिची छायाचित्रं मात्र उरलीत. त्यांत ती हातात ब्रश घेऊन राक्षसांची तोंडं रंगवताना दिसते. पूर्ण चरित्र यायला २०१९ उजाडलं.

सिनेमाची मूळ नामावली काही आता बदलणार नाही. तिच्यात मेकअपसाठी वेस्टमोरचंच नाव येतं. ते आलं की मी शेजारी बसलेल्याला हटकून सांगते, मिलिसेंट पॅट्रिक, आणि दगडातला तो पंजा दिसला की पुन्हा एकदा.